फोरकास्ट म्हणजे भाकीत नव्हे

प्रश्न : मी इंग्रजी अहवालांचा मराठी अनुवाद करते. एका अहवालात प्रेडिक्शन, फोरकास्ट, प्रोजेक्शन आणि प्रॉफेसी हे चारही शब्द आले आणि मी सर्वत्र ‘भाकीत’ लिहिले. संपादकांनी मजकूर परत पाठवला. या शब्दांच्या अर्थांत खरोखर फरक आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फरक आहे, आणि फोरकास्ट या शब्दाची हकिकत पाहिली की तो चांगला उमगतो. मुळात या शब्दाचा अर्थ आधीच विचार करून बेत आखणे असा होता. हवामानाशी त्याची गाठ घातली ती रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला गेले, त्याचेच हे कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारायंत्राने बंदरांना वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था उभी केली, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांचा पहिला हवामान अंदाज छापून आला. वर्षभराची हवा आधीच सांगणाऱ्या ज्योतिषांच्या पुस्तिका तेव्हा तेथे हातोहात खपत असत. फिट्झरॉय यांनी मात्र १८६३ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की, आपण देतो ती प्रॉफेसी नव्हे आणि प्रेडिक्शनही नव्हे. निरीक्षणे एकत्र करून, त्यांचा हिशेब मांडून जे मत बनते, त्यालाच फोरकास्ट म्हणावे. आपले मत चुकू शकते, हे मान्य करूनच त्यांनी हा शब्द निवडला होता, आणि मला त्यातला प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

प्रेडिक्शन त्याहून ठाम. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १७०५ मध्ये गणित मांडून सांगितले की, एक विशिष्ट धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. तो १७५८ च्या नाताळात दिसला, तेव्हा हॅली हयात नव्हते. भूकंपशास्त्रज्ञ तर हा भेद काटेकोरपणे पाळतात. ठिकाण, वेळ आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी नेमक्या सांगितल्या, तरच ते प्रेडिक्शन, आणि मोठ्या भूकंपाबाबत ते अजून कोणालाही खात्रीने साधलेले नाही; अमुक पट्ट्यात पुढील तीस वर्षांत मोठा भूकंप होण्याची शक्यता इतके टक्के आहे, असे सांगितले तर ते फोरकास्ट.

प्रोजेक्शन हा जर-तरचा हिशेब आहे : जन्मदर असाच घटत राहिला, तर लोकसंख्या इतकी होईल. प्रॉफेसीला मात्र हिशेबाचा नव्हे, दैवी प्रेरणेचा आधार असतो, म्हणून तिला ‘भविष्यवाणी’ शोभते. (तिच्या नामात ‘सी’ हे अक्षर येते, क्रियापदात त्या जागी ‘एस’ येतो आणि उच्चार ‘प्रॉफेसाय’ होतो, शुद्धलेखनाच्या चुका येथे हमखास होतात.)

आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घटातील धान्य आणि इतर वस्तू रात्रीतून कशा बदलल्या ते पाहून पाऊसपाणी आणि पीकपाणी सांगितले जाते. त्याला भाकीत म्हणणे अगदी योग्य आहे. भारतीय हवामान विभाग मात्र पावसाळ्याचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत सांगतो आणि त्यापुढे हा आकडा किती चुकू शकतो याची अधिक-उणे चार किंवा पाच टक्के अशी मर्यादाही लिहितो. या अंदाजालाही बातमीत ‘भाकीत’ म्हटले की ही मर्यादा वाचकाच्या नजरेआड होते, आणि पुढे पाऊस कमी झाला की खाते खोटे बोलले, असे शेतकऱ्याला वाटते. हा दोष अनुवादाचा आहे, खात्याचा नव्हे.

तेव्हा आपण फोरकास्टसाठी ‘अंदाज’ किंवा ‘पूर्वानुमान’ वापरावे, शास्त्रीय प्रेडिक्शनसाठी ‘पूर्वकथन’ लिहावे, आणि प्रोजेक्शनच्या वाक्यात त्यामागचे गृहीत उघड मांडावे. अहवालात फोरकास्टशेजारी शक्यतेची टक्केवारी किंवा अधिक-उणे आकडा असेल, तर तो कृपया अनुवादात गाळू नये.