कायदेविषयक प्रश्नोत्तरे : न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावरील हरकत

प्रश्न : आमचे सियागंजात किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने उधारीच्या रकमेसाठी आमच्यावर नागपूरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आहे. मालाची मागणी आम्ही इंदुरातून फोनवर केली होती आणि माल इंदुरातच उतरला. आमच्या वकिलांनी लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करून रक्कम नाकारली, पण नागपूरला हा दावा चालू शकत नाही असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आता दाव्यातील मुद्दे, म्हणजे न्यायालयाने निकालासाठी ठरवलेले वादाचे प्रश्न, निघाले आहेत. दुसरे एक वकील सांगतात की अधिकारक्षेत्राची हरकत केव्हाही, अगदी अपिलातही घेता येते. हे खरे आहे काय? — एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या दाव्यापुरते हे खरे नाही, आणि या गैरसमजामुळे व्यापारी मंडळींचे वारंवार नुकसान होत असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

न्यायालयाच्या अधिकाराचा प्रश्न तीन प्रकारे उपस्थित होतो : दावा कोणत्या गावी लावावा, किती रकमेपर्यंतचा दावा त्या न्यायालयात चालावा, आणि त्या प्रकारचा वाद ऐकण्याचा अधिकार त्या न्यायालयाला मुळात आहे की नाही. यांपैकी तिसरा अधिकार नसेल तर दिलेला हुकूमनामाच (निकालाचा अंमल करता येणारा आदेश) निरर्थक ठरतो, दोन्ही पक्षांची संमती असली तरी तो सावरता येत नाही, आणि ही बाब दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, टप्प्यावरही मांडता येते; सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली ‘किरणसिंग विरुद्ध चमन पासवान’ या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. आपल्याला सल्ला देणाऱ्या वकिलांच्या मनात बहुधा हेच तत्त्व असावे.

गाव आणि रक्कम यांबाबतचे नियम मात्र मुख्यतः पक्षकारांच्या सोयीसाठी केलेले आहेत, आणि म्हणून ज्याच्या सोयीसाठी नियम आहे त्याने तो वेळेवर वापरला नाही, तर त्याने हरकत सोडून दिली असे कायदा धरतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील कलम 21 प्रमाणे दाव्याच्या स्थळाविषयीची हरकत अपिलात विचारात घेतली जाण्यासाठी तीन अटी आहेत : ती मूळ न्यायालयात शक्य तितक्या लवकर घेतलेली असावी, मुद्दे काढले जाणार असतील तर ते निश्चित होण्यापूर्वी किंवा होताना घेतलेली असावी, आणि चुकीच्या ठिकाणी दावा चालल्यामुळे प्रत्यक्ष अन्याय झालेला असावा. या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली सांगितले. रकमेच्या मर्यादेलाही हाच नियम 1976 च्या दुरुस्तीने लागू झाला. आपल्या दाव्यात मुद्दे निघून गेले असल्याने अपिलाचा हा दरवाजा जवळजवळ बंद झाला आहे.

लेखी कैफियतीत दुरुस्ती करून हरकत घालण्यासाठी मूळ न्यायालयात अर्ज करता येईल. परंतु सुनावणी सुरू झाल्यानंतर अशी दुरुस्ती मागणाऱ्याला, योग्य ती दक्षता घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, हे पटवून द्यावे लागते. माल इंदुरात उतरला हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, त्यामुळे हे पटवणे कठीण आहे.

शिवाय ही हरकत वेळेवर घेतली असती तरी ती टिकली असतीच असे नाही. कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे, तसेच दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जेथे घडले तेथेही दावा लावता येतो. माल नागपूरहून रवाना झाला आणि रक्कम नागपूरला चुकती करायची असे ठरले असेल, तर कारणाचा काही भाग नागपुरात घडला, असे वादी म्हणू शकतो. बिलावर ‘वाद नागपूर न्यायालयाच्या अधीन’ असे छापलेले असते, त्याकडेही लक्ष द्यावे. अशा ओळीने मुळात अधिकार नसलेल्या न्यायालयाला अधिकार मिळत नाही, पण दोन्ही गावच्या न्यायालयांना अधिकार असेल तर त्यांतील एक निवडण्याचा करार चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच म्हटले आहे. मात्र एका पक्षाने छापलेली ओळ हा दोघांचा करार आहे का, हे त्या त्या व्यवहारावर ठरते.

हरकत मान्य झाली असती तरी दावा रद्द झाला नसता. वादपत्र, म्हणजे वादीचा मूळ दावा-अर्ज, योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिले गेले असते, आणि चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने व तत्परतेने घालवलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम 14 खाली वगळला जात असल्याने वादीला इंदुरात पुन्हा दावा लावता आला असता. तेव्हा उरलेली शक्ती रक्कम देणे नाही हे सिद्ध करण्यावर खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इंदूरच्या साक्षीदारांची जबानी न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरमार्फत इंदुरातच नोंदवण्यासाठी अर्ज करता येईल. दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खालचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, पण व्यापारी वादात केवळ प्रवासाची गैरसोय हे कारण सहसा पुरेसे होत नाही.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या वाटपासाठी भावाने इंदूरच्या न्यायालयात दावा लावला आहे. आम्हा बहिणींची त्याला काहीच हरकत नाही, कारण सर्वजण आता इंदुरातच राहतो. हुकूमनामा पक्का होईल ना? — एक वाचक, इंदूर

उत्तर : येथे आपण सावध राहावे; वेळेवर न घेतलेली स्थळाची हरकत सुटते, हा वरच्या उत्तरातील नियम स्थावर मिळकतीच्या दाव्यात भरवशाचा नाही. स्थावर मिळकतीच्या वाटपाचा दावा मिळकत जेथे आहे तेथेच लावावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 16 सांगते. 2005 सालच्या ‘हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डी.एल.एफ. युनिव्हर्सल’ या प्रकरणात गुरुग्राम येथील भूखंडाबाबतचा दावा दिल्लीत लावला होता. प्रतिवादीने सुरुवातीला दिल्लीचे अधिकारक्षेत्र मान्यही केले होते आणि अनेक वर्षांनी हरकत घेतली, तरीही सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या न्यायालयाला तो दावा चालवता येणार नाही असे ठरवले. म्हणजे आज आपली संमती असली, तरी उद्या भावंडांपैकी कोणाचे मन फिरले तर हा वाद उभा राहू शकतो.

याच वाटपात एकत्र कुटुंबाची इंदुरातील एखादी स्थावर मिळकतही सामील असेल, तर कलम 17 मुळे दोन्हींपैकी कोणत्याही ठिकाणी दावा चालू शकतो. तसे नसेल तर भावाला सांगून वादपत्र आताच परत घ्यावे आणि ग्वाल्हेरला दाखल करावे. मुद्दे व पुरावा होण्यापूर्वी हे केले तर खर्च आणि वेळ दोन्ही वाचतील.