आई-बाबांना परदेशात गाडी चालवू द्यायची का? एक केस

हल्ली हा प्रश्न फार येतो. आई-बाबा साठीच्या पुढचे, हातात पैसा आहे, वेळ आहे, आणि ग्रुप टूर नको म्हणतात, स्वतः गाडी घेऊन फिरायचंय, वर ट्रेकिंग पण करायचंय. मुलं घाबरतात आणि मी समुपदेशक म्हणून मला विचारतात, "मॅडम, समजवा ना त्यांना." मागे अशीच एक मुलगी आईवडिलांना घेऊन आली होती, त्यांची गोष्ट सांगते (परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय).

काका 69, काकू 65. काकूंना शुगर आणि डावा गुडघा. प्लॅन न्यूझीलंडच्या साउथ आयलंडचा, मार्च 2024. ख्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, 'ते आनाऊ' हे गाव, मिलफर्ड साउंड. काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक्सेलचे कागद आणलेले, तासातासाचे, चहासुद्धा त्यात.

मुलीची काळजी ड्रायव्हिंगची. त्यात काकांची तयारी चोख होती हे मान्य करायला हवं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्स चालतं, एकेरी पुलावर लहान लाल बाण आपल्या बाजूचा असेल तर आपण थांबायचं, हे सगळं त्यांना पाठ. अपघातात लागलं तर तिथली सरकारी योजना पर्यटकांनाही उपचारात मदत करते पण आजारपणाला करत नाही, म्हणून इन्शुरन्स काढलेला. मी फक्त एवढंच म्हटलं की उतरल्या दिवशी स्टेअरिंगला हात लावायचा नाही आणि काळोखात चालवायचं नाही. गुडघा आणि शुगर हा डॉक्टरांचा विषय, तो त्यांच्याकडे सोपवला.

पण मला खटकत होतं वेगळंच. मी काकूंना विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? उत्तर काकांनी दिलं. परत विचारलं, परत काकांनी. तिसऱ्यांदा पण तेच झाल्यावर मी त्यांना म्हटलं काका, खाली टपरीवर चहा चांगला मिळतो, लेकीला घेऊन जाऊन या जरा.

ते गेल्यावर काकू पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "गुडघ्याची भीती नाहीये हो. हे थांबत नाहीत." वीस वर्षांपूर्वी राजगडावर काका "आलोच" म्हणून बालेकिल्ल्यावर गेले आणि काकू पद्मावती माचीवर दीड तास एकट्या बसून राहिल्या, पाण्याची बाटलीसुद्धा काकांच्या सॅकमध्ये. तेव्हापासून त्यांनी 'थांबूया' म्हणायचंच सोडून दिलं, सरळ "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा" म्हणतात. काकांना वाटतं हिला हौसच नाही. आणि मुलीला वाटतं आईला झेपणार नाही. तिघंही तीन वेगळ्या गोष्टींवर भांडत होते.

मग आम्ही एक शब्द ठरवला, 'पर्वती'. दोघांपैकी कोणीही पर्वती म्हटलं की मागे फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही आणि रात्री जेवताना विषय काढायचा नाही. गाडीत पण तोच नियम. काका हसले, म्हणाले एवढंच ना. मी म्हटलं आधी इथे करून दाखवा.

दर शनिवारी पुण्यातल्या खऱ्या पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्या, मग सिंहगड आतकरवाडीतून. पहिल्याच सिंहगडाला काकूंनी चाळीस मिनिटांत पर्वती म्हटलं, दमल्या नव्हत्या, मुद्दाम परीक्षा घेतली (हे त्यांनी मला नंतर सांगितलं). काका फिरले मागे पण गाडीपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या सेशनला मी सांगितलं, हा अबोला म्हणजे 'का' विचारणंच झालं. ते त्यांना लागलं. चौथ्या वेळेस मागे फिरून दोघांनी कांदाभजी खाल्ली, तेव्हा मी मुलीला म्हटलं आता जाऊ दे.

जायच्या आधी काकू टूथब्रश घेऊन बुटांच्या खाचांमधली सिंहगडाची माती काढत बसल्या होत्या, कारण तिथे विमानतळावर बूट दाखवावे लागतात आणि मातीच्या बाबतीत ते लोक फार कडक आहेत. खाण्याच्या पिशवीतली प्रत्येक गोष्ट पण फॉर्मवर लिहायची, नाहीतर दंड.

हूकर व्हॅलीत, माउंट कुकच्या पायथ्याशी, वाट तशी सपाटच आहे पण झुलते पूल आहेत. दुसऱ्या पुलावर वारा सुटला, पूल हलायला लागला आणि काकू म्हणाल्या पर्वती. शेवटचं हिमखंडांचं तळं राहिलं. काका मुकाट्याने फिरले, वाटेत दगडावर बसून दोघांनी दशम्या खाल्ल्या. (तुम्ही जाणार असाल तर चौकशी करून जा, 2025 मध्ये त्याच दुसऱ्या पुलाच्या कामासाठी पुढची वाट बंद केली होती.)

मग मिलफर्डच्या रस्त्यावर 'की समिट' नावाचं शिखर, उंची 919 मीटर, जाऊन-येऊन तीन तास. शेवटच्या वळणावळणाच्या चढावर पर्वती म्हणाले कोण, तर काका! धाप लागली होती. काकू ठणठणीत.

परत आल्यावर दोघं माझ्याकडे आले ते भांडतच. काकू म्हणत होत्या, "अहो वीस मिनिटांचं काम होतं, यांना बसवलं असतं दगडावर पाणी देऊन आणि मी आले असते जाऊन." काका फोल्डर मांडीवर घेऊन गप्प, आणि मग हळूच मला विचारतात, "मॅडम, नियमात असं बसतं का?"