शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका

(पत्राचा गोषवारा: नागपूरच्या महाल भागातील, संगीत विशारद झालेल्या एक वाचक दोन वर्षांपासून मुंबईतील एका संगीत कंपनीच्या कार्यालयात आहेत. दिवसभर एक्सेलमध्ये गाण्यांची माहिती भरताना एकही गाणे पूर्ण ऐकता आलेले नाही. राजीनामा देऊन परतावे का, असे त्या विचारतात.)

तुमच्या चार पानांपैकी साडेतीन पाने भ्रमनिरासाला मिळाली आहेत आणि मौद्याच्या त्या बाईंना एक कंस. खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याच्या शाहिराच्या पत्नीचे पत्र आले होते, ते ‘नंतर पाहू’ या फोल्डरमध्ये टाकले, एवढेच. कधी टाकले, ते तुम्ही लिहिलेले नाही, लिहवले नसावे.

बाईंचे म्हणणे असे की, 1998 मध्ये वारलेल्या त्यांच्या यजमानांनी रचलेले पद तुमच्या यादीत ‘पारंपरिक’ म्हणून लागले आहे. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे हे पद 2058 अखेरपर्यंत वारसांचे असू शकते. हक्क लिहून दिले होते का, हे जुन्या करारात पाहावे लागेल. पण रकान्यात ‘पारंपरिक’ असले की करार शोधायला कोणी जात नाही, कारण परंपरेला बँक खाते नसते. ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक बिनचूक आणि कर्ता गहाळ, आणि हा रकाना सांभाळणाऱ्या तुम्ही त्या कामाला कारकुनी म्हणता!

आपल्याकडचे शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात, हे नागपूरच्या मुलीला मी सांगायचे काय? ज्याने कोणी तो रकाना भरला, त्याने पद शेवटपर्यंत ऐकलेच नाही. तुम्हाला ऐकायला मिळत नाही हे खरे असेल, पण मनाई कोणी केली, ते मला पत्रात कुठे सापडले नाही.

सोमवारी कार्यालयात गेल्यावर, ईमेल उघडण्यापूर्वी, ते पद शेवटच्या ओळीपर्यंत ऐका, नाव कितव्या मिनिटाला येते ते टिपा आणि त्याच दिवशी बाईंना मराठीत, कागदावर उत्तर पाठवा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत वारसांनाही सभासद होता येते, हे त्यात लिहा. मृत्यूचा दाखला आणि पदांचे बाड जपायला सांगा. दिवाळीत घरी याल तेव्हा भंडारा रस्त्यावरचे मौदा काही लांब नाही, ते बाड स्वतः पाहून या.

राजीनाम्याविषयी त्यानंतर लिहा. ते पत्र अर्ध्या पानाचे असले तरी चालेल.