मुलींची ग्रामर की जवळची मिक्स? इलेव्हन प्लसच्या उंबरठ्यावरून एक प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो, लेक यंदा इयर फाइव्हला आहे, म्हणजे प्रायमरीच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला. हुशार आहे, वाचन भरपूर, फक्त जरा बुजरी. स्लाऊच्या चारही ग्रामर (इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) मिक्स आहेत, म्हणजे मुलं-मुली एकत्र, आणि मला मनापासून मुलींची शाळा हवीय, म्हणून बकिंगहमशायरमधल्या बीकन्सफील्ड हायचा विचार करतोय. मिस्टर म्हणतात एवढ्या लांब कशाला. दोन्हीकडच्या टेस्ट द्यायच्या का? फॉर्मवर पहिली कोणती लिहायची, दुसरी लिहिली तर ती शाळा घेत नाही असं ऐकलंय. आणि तिची जिवलग मैत्रीण स्लाऊमध्येच राहणार म्हणून हिची रडारड चालू आहे.

उत्तर : नमस्कार. आधी ते ऐकीव काढून टाकूया, कारण त्यापायी दरवर्षी कुणीतरी आपल्या लेकीचं नुकसान करून घेतं. तुम्ही कोणती शाळा कितव्या नंबरवर लिहिलीय हे शाळेला कळतच नाही. प्रत्येक शाळा फक्त आपल्या नियमांत ही मुलगी बसते का एवढंच बघते, आणि दोन-तीन ठिकाणी बसत असेल तर तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली शाळा काउन्सिल, म्हणजे तुमची स्थानिक पालिका, तुम्हाला देतं. त्यामुळे मनातला खरा क्रम लिहा, हिशोब करून उलटसुलट करू नका. फॉर्म स्लाऊ काउन्सिलचाच भरायचा, त्यात बकिंगहमशायरची शाळा लिहिता येते. शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, टेस्टचा निकाल साधारण त्याआधी हातात येतो आणि शाळा कोणती मिळाली ते १ मार्चला कळतं.

टेस्ट दोन्ही द्याव्यात का, तर हो, द्या, पण डोळे उघडे ठेवून. स्लाऊची वेगळी, बकिंगहमशायरची वेगळी, दोन्ही इयर सिक्स सुरू होताच सप्टेंबरमध्ये. स्लाऊला १११ आणि बकिंगहमशायरला १२१ हा पात्रतेचा आकडा, आणि तो वयाप्रमाणे ॲडजस्ट केलेला असतो म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलीवर अन्याय होत नाही. बकिंगहमशायरचे दोन पेपर असतात, त्यात व्हर्बलला (भाषा आणि शब्दांचे प्रश्न) ५० टक्के वजन, मॅथ्स आणि नॉन-व्हर्बलला (आकृत्यांचे प्रश्न) २५-२५, त्यामुळे वाचणाऱ्या मुलीला तिथे चांगला आधार मिळतो. घरी मराठी बोलता म्हणून घाबरू नका हं, रोज अर्धा तास इंग्लिश पुस्तक आणि त्यातल्या अडलेल्या शब्दांवर गप्पा, हे महागड्या ट्यूशनइतकंच कामाला येतं असं माझं ठाम मत आहे.

आता जिथे बहुतेक आईबाबा फसतात ते. १२१ मिळाले म्हणजे सीट मिळाली असं नाही! ती फक्त पात्रता. शाळेत जागांपेक्षा पात्र मुली जास्त असल्या की कॅचमेंटमधल्या, म्हणजे शाळेच्या ठरलेल्या आसपासच्या भागातल्या मुली आधी आणि तुमच्यासारख्या बाहेरच्या नंतर, उरल्या तर. म्हणून बीकन्सफील्ड हाय, वायकम हाय, डॉ. चॅलोनर्स हाय यापैकी जिचा विचार कराल तिच्या साइटवर जाऊन ॲडमिशन पॉलिसी नीट वाचा, जागा कमी पडल्या तर कोणाला आधी घेतात तो भाग शब्द न् शब्द, आणि मागच्या वर्षी बाहेरच्या किती मुलींना जागा मिळाली ते शाळेला सरळ फोन करून विचारा, सांगतात. सगळीकडे नियम एकच नसतो. लंडनची हेन्रिएटा बार्नेट मार्कांच्या क्रमाने निवडते, किंग्स्टनच्या टिफिन गर्ल्सला ठरलेल्या भागातल्या मुलींना प्राधान्य असतं, सटनच्या नॉनसच आणि वॉलिंग्टन गर्ल्सला तर दुसऱ्या टप्प्याची परीक्षाही असते. म्हणजे मैत्रिणीच्या मुलीला जे लागू झालं ते आपल्याला होईलच असं नाही.

मुलींची की मिक्स, यावर मी तुमच्या बाजूने अर्धीच आहे. माझी लेक मुलींच्या ग्रामरमध्ये शिकली, तीही बुजरीच होती, आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये पुढे कोण बसणार, डिबेटला कोण उभं राहणार, कॅप्टन कोण, सगळ्याला मुलीच, हे तिच्यासाठी फार मोलाचं ठरलं. पण तिच्याच वर्गातली एक मुलगी तिथल्या स्पर्धेने कोमेजली, प्रायमरीत पहिली येणारी अचानक मधल्या नंबरवर गेली आणि ते तिला झेपलं नाही. तुमची लेक मधल्या नंबरवर असताना घरी हसत येईल का, हे मला आधी बघावंसं वाटतं. येईल असं वाटत असेल तर मुलींची शाळा जरूर पहिली लिहा.

अंतराचं मात्र मिस्टरांचं खरं आहे. जवळची योग्य शाळा सोडून लांबची निवडली की काउन्सिलची फुकट बस साधारणपणे मिळत नाही. आमची लेक सकाळी पावणेसातला घर सोडायची, हिवाळ्यात अंधारात जायची आणि अंधारात यायची, नेटबॉलचा सराव असेल त्या दिवशी न्यायला कोणीतरी जावंच लागायचं. सात वर्षं, ए लेव्हलपर्यंत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत. एखाद्या शाळेच्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन त्याच वेळेला तो प्रवास खरंच करून बघा, गाडीने नाही हं, ती जशी जाणार तशी. त्या एका सकाळीत तुमचा आणि मिस्टरांचा अर्धा वाद मिटेल.

आणि यादीत निदान एक शाळा अशी असू द्या जिथे टेस्ट लागत नाही, जवळ आहे आणि तुम्ही मनापासून खूश व्हाल. किमान तीन पर्याय तर लिहिता येतातच, काही ठिकाणी जास्त. सगळ्या जागी ग्रामर लिहून मोकळे झालात आणि एकही लागली नाही तर काउन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतं. मग अपील करता येतं, वेटिंग लिस्टवर नाव ठेवता येतं, पण मार्चपासून पुढचे महिने घरात जो ताण असतो तो मी जवळून बघितलाय.

मैत्रिणीचं म्हणाल तर तिला आत्ताच काही वचन देऊ नका. दोघींचे निकाल वेगळे येऊ शकतात. ओपन इव्हनिंगला दोघींना बरोबर न्या, तिथे शाळेतल्याच मोठ्या मुली फिरवून दाखवतात, तेव्हा आपण चार पावलं मागे राहायचं आणि ती काय विचारते ते नुसतं ऐकायचं. रजिस्ट्रेशन मात्र विसरू नका, स्लाऊचं वेगळं आणि बकिंगहमशायरचं वेगळं, बाहेरच्या मुलींचं नाव आपोआप लागत नाही आणि दोन्ही याच उन्हाळ्यात बंद होतात, इयर सिक्सची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असेल.