फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४० ट्रॅकचं प्रोजेक्ट उघडताना ते मधेच बंद पडतंय आणि सपोर्टवाले म्हणतायत सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करा, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. मी अगदी याच जागी अडकले होते. बफर वाढवणं, ड्रायव्हर बदलणं हे नेहमीचे उपाय तुमचे करून झाले असणार, त्यात वेळ घालवत नाही.

मी त्यांचं ऐकलं आणि कॉम्प्युटर फॉरमॅट केला. आधी लायसन्स डीॲक्टिव्हेट करायला, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्यायला हवं होतं, ते केलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. परत सॉफ्टवेअर टाकलं तर म्हणे ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली! त्यांच्या हिशोबात माझं जुनं मशीन अजून चालूच. मेल केला, आपोआप येणारं उत्तर आलं, पाच दिवसांनी एकजण म्हणाला जुन्या मशीनवरून डीॲक्टिव्हेट करा, अहो ते मशीन तुमच्याच सांगण्यावरून पुसलंय ना, मग तिकीट बंद, नवं तिकीट, नवा माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा, पावतीचा फोटो पाठवा. १९ दिवस गेले. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, माझी स्वतःची गाणी, आणि त्या फाइली दुसऱ्या कशातच उघडत नाहीत म्हणून मी नुसती बघत बसलेली. आजही लिहिताना संताप होतो.

आणि शेवटी उघडलं तेव्हा एका गाण्याच्या सुरुवातीचा पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा सुरांचा थर, गेलेला. नोट्स सगळ्या जागेवर, पण प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा वाद्याचा किंवा इफेक्टचा छोटा प्रोग्राम) कोरा उघडला, मी तीन रात्री बसून लावलेला फिल्टर आणि त्याची हळूहळू उघडत जाणारी हालचाल, काही नाही. पुन्हा करून बघितलं, तसा आवाज नाही आला. तो ट्रॅक बाउन्स करून, म्हणजे आहे तसा आवाज वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवायला फार तर पाच मिनिटं लागली असती.

म्हणून आज काय करा. प्रोजेक्टच्या फोल्डरची कॉपी घ्या, मूळ फाइलला हात लावू नका. मग सॉफ्टवेअर बंद करून प्लगइनचा फोल्डर तात्पुरता दुसरीकडे हलवा आणि कॉपी उघडा. बहुतेक वेळा एखादा प्लगइनच सगळ्यांना घेऊन बुडत असतो, तो सापडलाच नाही की प्रोजेक्ट उघडतं. (बहुतेक वेळा म्हणतेय, खात्री देत नाही, मी इंजिनियर नाही.) प्लगइन सापडले नाहीत अशी यादी येईल, येऊ दे, पण त्या अवस्थेत सेव्ह अजिबात करू नका. मिडी (कुठली नोट कधी वाजते त्याची नोंद) आणि रेकॉर्डिंग बाहेर काढा, मग प्लगइन निम्मे निम्मे परत टाकत जा, गुन्हेगार सापडतो.

सापडला की प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून, मधली शांतता धरून, बाउन्स करा. एकदा इफेक्टसकट, एकदा कोरा. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतो, जागेची काळजी नको. टेम्पो आणि सॅम्पल रेट (वरचे ४८ किलोहर्ट्झ तो) फाइलच्या नावातच लिहा. मिडी फाइलमध्ये फक्त नोट्स, टेम्पो असलं जातं, आवाज जात नाही, म्हणून सिंथचे प्रीसेट, म्हणजे आवाजाची सेटिंग, वेगळे सेव्ह करा.

सॉफ्टवेअर बदलावं का? माझं मत, हो, पण हातातलं गाणं जुन्यातच संपवा. अर्धवट गाणं घेऊन घर बदललं की दोन्हीकडचं बिघडतं. मी रीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर गेले, ६० दिवस सगळं वापरून बघता येतं, आणि त्याची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते, अगदीच वेळ आली तर नोटपॅडमध्ये उघडून कुठल्या ट्रॅकवर काय होतं ते वाचता येतं. प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतो, तो मेला तरी गाणं सहसा वाचतं. बिटविग नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी २०२३ मध्ये एका सॉफ्टवेअरमधलं प्रोजेक्ट दुसऱ्यात नेता यावं म्हणून डॉप्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट आणला, तुमच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तो असेल तर काम बरंच हलकं होईल. व्हीएसटी२ या जुन्या प्रकारचे प्लगइन मात्र नव्यात चालतात का ते आधी बघा.

लायसन्स आजच डीॲक्टिव्हेट करू नका हं, बाउन्स पूर्ण झाल्यावरच. आणि फोल्डर हलवूनही उघडलं नाही तर लोडिंगच्या खिडकीत शेवटचं कुठलं नाव दिसतं ते इथे टाका, मी बघते.