वाचकांचे प्रश्न : फोटोवरून धमकी आली तर

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा इन्स्टाग्रामवर एका ‘मुली’शी बोलत होता. तिने आधी फोटो पाठवला, मग त्याचाही तसलाच मागितला, आणि यानं पाठवला. आता ‘पाच हजार दे, नाहीतर सगळ्या मित्रांना पाठवतो’ अशी धमकी येते आहे. पैसे देऊन मिटवावं का? याचे बाबा म्हणतात, फोन फॉरमॅट करू. (एक आई, सांगली)

उत्तर : दोन्ही नको. पैसे मिळाले की समोरच्याला एवढंच कळतं की इथून पैसे निघतात, आणि मागणी वाढते. फोन पुसलात तर पुरावाही गेला.

आधी मुलाला स्पष्ट सांगा की गुन्हा त्या माणसाचा आहे. या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे ‘घरी कळलं तर काय’ ही मुलाची भीती. आज रात्री त्याला एकटं सोडू नका. तो फार खचलेला वाटला तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, बोला.

मग पुरावा. धमकीचे मेसेज, प्रोफाइल, यूपीआय आयडी यांचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलची लिंकही कॉपी करा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा. मात्र मुलाचा तो फोटो पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, कुणा नातेवाइकाला तर मुळीच पाठवू नका. हे झाल्यावरच खातं रिपोर्ट आणि ब्लॉक करा. उलट क्रमानं केलंत तर चॅट हाती लागेलच असं नाही.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, महिला व बालकांच्या विभागात किंवा थेट पोलीस ठाण्यात द्या. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात नोंदवायचा गुन्हा. आधीच पैसे गेले असतील तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक) हाताशी ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे. मुलाचा जबाब घरी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्यानं, आईवडिलांसमोर घ्यावा असं त्यात लिहिलेलं आहे. हे ठामपणे मागा, पुष्कळदा आपणहून कुणी सांगत नाही.

फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. मुलानं आपल्याच फोनवर फोटो निवडायचा. त्यावरून एक सांकेतिक क्रमांक तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो, फोटो फोनमध्येच राहतो. इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखून काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये याचा उपयोग नाही. फोटो कापला किंवा बदलला की क्रमांकही बदलतो, म्हणून धमकीबरोबर आलेली प्रतही वेगळी नोंदवा.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर एका लहान मुलीवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ आला, ‘नराधमाला पकडण्यासाठी पुढे पाठवा’ असं लिहून. पाठवावा का? (पुणे)

उत्तर : नाही. हेतू कितीही चांगला असो, त्या मुलीचा व्हिडिओ आणखी शंभर फोनांत जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख लिहून घ्या आणि वरच्याच पोर्टलवर तक्रार करा. अशा तक्रारीला नाव द्यावं लागत नाही. मग व्हिडिओ काढून टाका, गॅलरीतून आणि गूगल फोटोजच्या बॅकअपमधूनही. ऑटो-डाऊनलोड बंद ठेवा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे, मोबाइलवर गेम खेळते. आत्तापासून काय सांगायचं? (नाशिक)

उत्तर : ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढ्यानं भागत नाही, रोज गेममध्ये भेटणारा तिला अनोळखी वाटतच नाही. खुणा सांगा : गेम सोडून दुसऱ्या ॲपवर बोलावणं, ‘घरी सांगू नकोस’ म्हणणं, फुकट कॉइन देणं, खोलीत कोण आहे विचारणं, कॅमेरा सुरू करायला लावणं. यातलं एक जरी झालं तर गेम तसाच सोडून तुमच्याकडे यायचं. आणि तसं ती आली तर तुम्ही मोबाइल काढून घेणार नाही, हे आजच सांगून ठेवा, नाहीतर ती येणार नाही. पुढे इन्स्टाग्राम आलं की खातं प्रायव्हेट ठेवा, पण फॉलो विनंती स्वीकारली की मित्रांची यादी समोरच्याला दिसते. धमकीत वापरतात ती हीच यादी, म्हणून प्रत्यक्ष ओळखीच्यांनाच स्वीकारायचं.