आधी पाणी भरा

ताई, मी ६२ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. रामबागेत राहतो. निवृत्तीनंतर साधनेला लागलो. चहा सोडला, कांदा-लसूण सोडलं, पहाटे साडेचारला उठून ध्यानाला बसतो. राग पुष्कळ कमी झालाय, सत्संगातले लोकही तसं म्हणतात. पण पत्नीला माझ्यातला बदल पचत नाही. एक दिवसाआड पहाटे नळाला नर्मदा येते, तेव्हा तिची बादल्या-मोटरची खडखड सुरू होते आणि ध्यान मोडतं. बोललो तर म्हणते, "बदललं काय, ते तरी सांगा." यंदा कार्तिकीनंतर ओंकारेश्वरहून नर्मदेची पायी परिक्रमा उचलायची आहे, तिचा विरोध आहे. गुरुबंधू म्हणतात, मोह सोडा. तिची समजूत कशी काढू?
– एक साधक, इंदूर

भाऊ, तुमच्या पत्रातलं बाकी सगळं राहू द्या. मी त्या खडखडीपाशीच अडकले आहे.

पहाटे नर्मदा येते, हे तुम्हीच लिहिलंय. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढून १९७८ पासून ती आपल्या शहरात येतेय. ती यावी म्हणून १९७० साली इंदूरकरांनी मोठं आंदोलन केलं होतं. तुम्ही तेव्हा शाळकरी पोर असाल. एवढ्या लांबून ती तुमच्या हौदापर्यंत येते, आणि तुम्ही आतल्या खोलीत डोळे मिटून, ती कधी एकदा जाते याची वाट बघत बसलेले! तिला सामोरं जायला एकट्या वहिनी. पदर खोचून, अर्धवट झोपेत पाइप ओढायचा, आधी पिण्याचं गाळून हंड्या-कळशीत, मग वापराचा ड्रम, मग टाकीची मोटर. मध्येच धार बारीक झाली की बादल्यांनी ओतायचं. एखादी पहाट हुकली की पुढचे दोन दिवस पेल्यापेल्याचा हिशोब. मी वर्षानुवर्षं हे केलंय, तुम्ही ज्याला खडखड म्हणता तिच्यातला प्रत्येक आवाज मला ओळखता येईल.

परिक्रमेला माझा विरोध नाही. दोन्ही तीर मिळून सुमारे २६०० किलोमीटर, मैया सतत उजव्या हाताला, पात्र कुठे ओलांडायचं नाही, जवळ कुपीत तिचं पाणी आणि त्याची रोज पूजा. हे नियम तुम्हाला पाठ असतीलच. पण सदावर्तात पुष्कळदा नुसता शिधा मिळतो हो. तो शिजवायचा आपण, पाणी आणायचं आपण, भांडं घासायचं आपण. एखाद्या खेड्यात कुणी माई "नर्मदे हर" म्हणत गरम भाकरी वाढेल आणि तुमचे डोळे भरून येतील. परत आल्यावर सत्संगात तुम्ही त्या माईबद्दल तासभर बोलाल. रामबागेतल्या माईच्या ताटावर मात्र सध्या एकच चौकशी चालते: यात कांदा नाही ना?

चहा सोडलात, उत्तम. कांदा सोडलात, तेही उत्तम, फक्त त्यापायी वहिनींना दुसरी भाजी फोडणीला टाकावी लागत असणार. राग कमी झाला, हे सत्संगातले लोक सांगतात. घरातल्या कुणाचं तसं मत असल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. "बदललं काय, ते तरी सांगा," हे तुम्हाला टोमण्यासारखं लागलं. मला तर तो साधा प्रश्न वाटला, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत.

समजूत वगैरे काढायची नाही. येत्या पाळीपासून कार्तिकीपर्यंत पाणी तुम्ही भरायचं. प्रत्येक पाळीचं, पाहुणे आले तरी, थंडी पडली तरी. घरात जाहीर करायचं नाही, सत्संगात तर अजिबात नाही, आणि "बघ, भरलं मी" म्हणत हंडा दणकन आपटायचा नाही. ध्यानाला नर्मदा येऊन गेल्यावर बसा. हंडा भरेस्तोवर नाम घ्यायला कुणाची हरकत नाही. आणि मोह सोडा सांगणाऱ्या त्या गुरुबंधूंच्या घरी पाणी कोण भरतं, तेही सहज विचारून ठेवा.

कार्तिकीला परिक्रमेचा विषय पुन्हा काढा. वहिनी नाही म्हणाल्या तर का म्हणतात ते ऐकून घ्या. त्यांचा विरोध आहे एवढंच लिहिलंत तुम्ही, कारण एका ओळीतही नाही. तुमच्या गुडघ्यांची काळजी असेल, स्वतःच्या दुखण्याची असेल, सहा महिने एकटीने घर ओढायची धास्ती असेल. विचारलंयत कधी?

कोणता कॉक आधी उघडायचा, मोटर कधी बंद करायची, हे आज रात्री जेवतानाच विचारून घ्या. पहाटे पाचला त्यांना उठवून विचारलंत तर सगळं मुसळ केरात.